शिक्षकांच्या शाळेत जागा कोणाला?



विद्यापीठातील शिक्षक-शिक्षण या विषयावर बोलावे असे व्याख्यानमालेच्या चालकांनी कळविले, तेव्हा आमच्या युनियनच्या कचेरीत थोडा हशाच झाला. आम्ही कॉलेजची पायरी चढलो नाही. आमची पुस्तके रद्दीच्या दुकानातून आली आणि आमचा अभ्यास गेटसभा आटोपल्यावर रात्री झाला. अशांनी बी.एड.च्या वर्गाविषयी काय सांगावे? पण त्या वर्गातून बाहेर पडणारा शिक्षक उद्या आमच्याच मुलांपुढे उभा राहणार आहे. कापड विणणाऱ्याने सूत कसे कातले जाते हे पाहू नये काय?

विद्वान मंडळी या विषयाला 'विविधता आणि समावेशन' म्हणतात. आम्ही तो तीन साध्या प्रश्नांत मांडतो. शिक्षक घडविणाऱ्या वर्गात कोण बसतो? तेथे तो काय शिकतो? आणि तेथे बसणे कोणाला परवडते?

पहिल्या प्रश्नासाठी आपल्याच गावची हकीकत ऐका. उमरेडच्या जाईबाई चौधरी या महार समाजातल्या. नागपूर-कामठीच्या दरम्यान त्यांनी हमालीचे ओझे डोक्यावर वाहिले. एका मिशनरी बाईंच्या साह्याने त्या शिकल्या आणि महिना चार रुपये पगारावर शिक्षिका झाल्या. पण अस्पृश्य बाई आमच्या मुलांना शिकविणार, असा पालकांनी ओरडा केला आणि जाईबाईंची नोकरी गेली. त्या बाई खचल्या नाहीत. १९२२ साली त्यांनी चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली. पुढच्याच वर्षी, १९२३ साली, आपले नागपूर विद्यापीठ स्थापन झाले. विद्येचे मंदिर उभे राहत असताना याच शहरात विद्या देणारीची जात पाहिली जात होती, हे आपण विसरू नये.

आता कोणी म्हणेल, ते दिवस गेले; आज राखीव जागा आहेत, कायदा आहे. खरे आहे, आणि ते ज्यांच्या झगड्याने मिळाले त्यांचे ऋण आम्ही मानतो. पण खालच्या थरातला शिक्षक का हवा, याचे कारण आपण नीट समजून घेतले आहे काय? तो उपकार म्हणून नको आहे. जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे निवेदन दिले. त्यांचे म्हणणे असे की, प्राथमिक शाळांचे शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातूनच तयार करावेत, कारण ते त्या लोकांत मिसळतील आणि त्यांच्या गरजा ओळखतील. वेळ पडल्यास नांगर किंवा सुताराचा वाकस हाती धरण्यात कमीपणा मानणार नाही, असा मास्तर त्यांना हवा होता. येथे जोतीराव दयेची भाषा बोलत नाहीत. ते कारागिरीची भाषा बोलतात. ज्याला माल ठाऊक, त्याच्या हातून काम चांगले उतरते.

दुसरा प्रश्न अभ्यासाचा. शिक्षक-शिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेने २०१४ साली बी.एड.चे नवे नियम केले. त्याबरोबर समावेशक शाळा घडविणे, तसेच स्त्री-पुरुषभेद आणि समाज, असे विषय अभ्यासक्रमात आले. चांगलेच झाले. परंतु पाठ करून उत्तर लिहिता येईल असा हा विषय नव्हे. नागपूरच्या आसपास वीटभट्ट्यांवर आणि इमारतींच्या कामांवर छत्तीसगढची कुटुंबे येतात. त्यांचे मूल शाळेत येऊन म्हणते, "मोर किताब." छत्तीसगढीत 'मोर' म्हणजे माझे. वर्ग हसतो, आणि बाईंनाही वाटते की पोराला मोराचे चित्र असलेले पुस्तक हवे आहे. त्या बाईंनी समावेशनाच्या पेपरात साठ मार्क मिळविले असतील; पण ते मूल दुसऱ्या दिवसापासून तोंड उघडत नाही.

छत्तीसगढीची ही कथा, तर गोंडीची काय असेल? २०११ च्या जनगणनेत सुमारे २९ लाख ८० हजार लोकांनी गोंडी ही आपली मातृभाषा सांगितली. शक्य असेल तेथवर मुलाच्या मातृभाषेत शिकवावे, असे २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा म्हणतो. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ साली गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. ग्रामसभा शाळा काढील. पण गोंडी जाणणारा प्रशिक्षित शिक्षक ती कोठून आणील? ते काम विद्यापीठांचे आहे.

अपंगांविषयीही तेच. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले. शिक्षकांना ब्रेल आणि खुणांची भाषा यावी, आणि अपंग माणसांनाही शिक्षक म्हणून तयार करून नेमावे, असे त्यात लिहिले आहे. म्हणजे अंध माणूस हा केवळ शिकण्याचा विषय नाही, तो शिकविणाराही आहे. पण प्रशिक्षणाचा वर्ग जिने चढून तिसऱ्या मजल्यावर असेल, तर चाकाच्या खुर्चीवरील उमेदवाराने तो कायदा कोठे वाचावा?

आता तिसरा प्रश्न, आणि आम्हांला सर्वांत जवळचा. २०१४ च्या नियमांनी एका वर्षाचे बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि त्यांत वीस आठवडे प्रत्यक्ष शाळेत काम करण्याचे ठरले. २०२० च्या धोरणाने बारावीनंतर चार वर्षांचा मार्ग पुढे आणला आहे. शिक्षण लांबले, खोल झाले, याला आमचा विरोध नाही. पण हमालाची मुलगी शिकत असते, तेव्हा घरात तिची मजुरी येत नाही. फी माफ होते, शिष्यवृत्ती मंजूर होते; पण ती हाती पडेपर्यंत किराणावाल्याने किती थांबावे? राखीव जागेने उघडलेले दार अशा रीतीने पोटाच्या चिंतेने बंद होते, आणि मग आपण म्हणतो, योग्य उमेदवार मिळत नाहीत!

कारखान्यात काय आहे पाहा. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याने अप्रेंटिसला विद्यावेतन द्यावेच लागते. शिकत असला तरी त्याला पोट आहे, हे तेथे मान्य आहे. इंग्रजी अमदानीतल्या ट्रेनिंग कॉलेजांतही शिकाऊ मास्तरांना विद्यावेतन मिळत असे. मग आमच्या पोरांना घडविणारा शिकाऊ शिक्षक वीस आठवडे शाळेत राबतो, त्याला हा न्याय का नसावा? फिटरचा हात शिकतो तेव्हा मोबदला आणि मास्तरचे मन शिकते तेव्हा उपास, हे कोणते गणित?

अशाने गुणवत्ता घसरेल, असे काही सज्जन म्हणतात. त्यांची चिंता आम्ही खोटी मानत नाही. आमच्या मुलांनाही चांगलाच शिक्षक हवा. मात्र गुणवत्ता म्हणजे काय ते ठरवू या. विषय यायला हवा, शिकविण्याची हातोटी हवी, हे निर्विवाद. पण गप्प बसलेले मूल का गप्प आहे हे ओळखता येणे, ही गुणवत्ता नव्हे काय? तिचा मार्क कोणत्या परीक्षेत देतात?

म्हणून विद्यापीठाकडे आमची मागणी तीन कलमांची आहे. एक, सरावाच्या वीस आठवड्यांपैकी निदान काही आठवडे प्रत्येक उमेदवाराने मजूरवस्तीच्या किंवा आदिवासी भागातल्या शाळेत काढावेत. दोन, गोंडी, छत्तीसगढी, उर्दू, खुणांची भाषा यांपैकी एकीची तोंडओळख प्रत्येकाला व्हावी आणि ती भाषा जाणणाऱ्या उमेदवाराला तिचे गुण मिळावेत. तीन, शाळेतल्या सरावकाळात विद्यावेतन मिळावे, आणि ते महिन्याच्या महिन्याला मिळावे. तिसऱ्या कलमासाठी पैसा सरकारला द्यावा लागेल. तो मागण्याचे काम एकट्या युनियनचे नाही. या सभेत बसलेल्या प्रत्येक आईबापाचे आहे.

जाईबाईंनी शाळा काढली, कारण तयार असलेल्या शाळेत त्यांना जागा नव्हती. आजच्या हमालाच्या मुलीने पुन्हा तसे करावे, अशी अपेक्षा ठेवण्याचा आपणांस अधिकार नाही. तिला तयार वर्गात बाक मिळाला पाहिजे आणि ती शिकून निघेपर्यंत तिच्या घरची चूल पेटती राहिली पाहिजे. एवढे झाले, तर पुढचे ती पाहून घेईल.