वाहनाची बॅटरी : तिचे आयुष्य आणि तिची तरतूद

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



या व्यासपीठावरून आजवर शिक्षण, विवाहखर्च, वसतिगृह अशा थोर विषयांवर विद्वानांची व्याख्याने झाली. आमचा जन्म मात्र मोटारदुरुस्तीच्या कामात गेला. त्यामुळे कार्यकारिणीने बोलण्याची आज्ञा केली तेव्हा काय बोलावे हा प्रश्नच पडला. परंतु गेल्या दोन वर्षांत एक गोष्ट आमच्या मनाला टोचून राहिली आहे. ती आपणासमोर मांडणे हे आम्ही कर्तव्य समजतो.

आपल्या समाजातील एका होतकरू तरुणाने ई-रिक्षासाठी आपल्या पतपेढीकडे अर्ज केला. कर्जसमितीत आम्हीही होतो. वाहनाची किंमत किती, जामीन कोण, हप्ता किती, हे सारे आम्ही कसून विचारले. एक लाख वीस हजारांचे कर्ज, छत्तीस महिने मुदत, दरमहा सुमारे चार हजारांचा हप्ता, असे ठरले. मुलगा निर्व्यसनी आणि मेहनती. चौदा महिने एकही हप्ता चुकला नाही. पंधराव्या महिन्यात रिक्षा दुपारीच थांबू लागली. चारही बॅटऱ्या निकामी झाल्या होत्या. नव्या संचासाठी छत्तीस हजार हवे होते आणि जवळ तर काहीच नव्हते. शेवटी घरच्या माउलीच्या पाटल्या गहाण पडल्या. दोष त्या मुलाचा नव्हे. बॅटरी किती दिवस टिकणार, हा एक प्रश्न समितीने विचारला नाही. तीस वर्षे बॅटऱ्या उघडझाक करणाऱ्या आम्हीही तो विचारला नाही, याची आम्हांस आजही लाज वाटते.

आता विषयाकडे वळू. शिशाची बॅटरी ही जुनी वस्तू आहे. फ्रान्समधील गास्तों प्लांते यांनी ती १८५९ साली सिद्ध केली. तिच्यात शिशाचे पत्रे गंधकाम्लात बुडविलेले असतात. वीज खर्च होऊ लागली की दोन्ही पत्र्यांवर एक पांढरट थर चढतो आणि चार्ज केल्यावर तो विरघळतो. बॅटरी रिकामीच ठेवली तर मात्र तो थर कठीण होतो आणि मग सहजी निघत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत गाडी महिनाभर उभी करून गावी गेलेल्या गृहस्थाची गाडी परतल्यावर सुरू होत नाही, त्याचे एक कारण हेच.

दुसरा शत्रू उष्णता. तापमान दहा अंशांनी वाढले की रासायनिक क्रियेचा वेग साधारणतः दुप्पट होतो, असा ढोबळ नियम आहे. झीजही त्याच मानाने वाढते. आपल्या विदर्भात वैशाखात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. तेव्हा थंड प्रदेशातील आयुष्याचे आकडे आपल्या उपयोगाचे नाहीत. पेट्रोलच्या मोटारीतील बॅटरीस गाडी सुरू करताना क्षणभरच जोर लावावा लागतो. म्हणून ती आपल्याकडे तीन ते पाच वर्षे चालते आणि चार-आठ हजारांत बदलता येते. ई-रिक्षाची बॅटरी मात्र रोज सकाळी भरावयाची आणि रात्री जवळजवळ रिती करावयाची. ती वर्ष-दीड वर्षात दमते, यात नवल नाही.

आता भगिनींनी विशेष लक्ष द्यावे, कारण घरचा हिशेब त्याच ठेवतात. महिन्यास सव्वीस दिवस काम धरले तर चौदा महिन्यांचे ३६४ दिवस होतात. छत्तीस हजार रुपये त्यांत वाटले की रोजचे सुमारे शंभर रुपये पडतात. रिक्षा भरण्यास रोज सात युनिट लागले आणि युनिटास नऊ रुपये धरले, तर विजेचे होतात ६३. म्हणजे विजेहून बॅटरीच महाग! विजेचे बिल दरमहा दारी येते, म्हणून ते डोळ्यांस दिसते. बॅटरीचे बिल चौदा महिने मुकाट्याने साठत जाते आणि एका दिवशी सारे मागते. शेतकरी कितीही अडचणीत असला तरी बियाण्याचे पोते बाजूला ठेवतो. रोजचे हे शंभर रुपयेही तसेच बियाणे आहे. ते खाल्ले तर पुढची पेरणी होणार नाही.

लिथियमच्या बॅटरीविषयी आता सर्वत्र बोलले जाते. ती १९९१ साली प्रथम बाजारात आली आणि तिच्या शोधाबद्दल तीन शास्त्रज्ञांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. रिक्षासाठी असा संच पंचाहत्तर हजारांना मिळाला आणि तीन वर्षे टिकला, तर रोजचे ऐंशी रुपये पडतात. चार वर्षे टिकला तर साठ. वजन कमी, पाणी घालणे नाही. आरंभी रक्कम मोठी लागते आणि तिच्यावर व्याज पडते, ही तिची अडचण. म्हणून हमीपत्र नीट वाचल्याविना ती घेऊ नये.

मध्यमवर्गीय कुटुंबे आता विजेच्या मोटारीही घेत आहेत. त्यांचीही धास्ती हीच, की बॅटरी गेली तर गाडी भंगारात जाईल काय? ही भीती बरीचशी अवास्तव आहे. अशी बॅटरी सहसा एकाएकी मरत नाही. वयोमानाने माणसाची चाल मंदावते, तशी तिची धाव कमी होत जाते. जिओटॅब या संस्थेने २०२० साली सहा हजारांहून अधिक गाड्यांची नोंद तपासली, तेव्हा वर्षाकाठी सरासरी घट २.३ टक्के आढळली. आठ वर्षे अथवा १,६०,००० किलोमीटर अशी हमी अनेक गाड्यांना मिळते. किमतीही उतरल्या आहेत. ब्लूमबर्गएनईएफच्या पाहणीनुसार एक युनिट वीज साठविणाऱ्या संचास २०१० साली हजार डॉलरांहून अधिक पडत. २०२४ साली ती सरासरी ११५ डॉलरांवर आली. या भावाने तीस युनिटांचा संच सुमारे तीन लाखांचा होतो. मात्र हा घाऊक भाव आहे. गिऱ्हाइकास मजुरी, नफा व कर मिळून त्याहून बरेच अधिक द्यावे लागते. त्यातही गंमत अशी की, विजेच्या नव्या गाडीवर वस्तू व सेवा कर ५ टक्के, परंतु सुट्या बॅटरीवर १८ टक्के!

आयुष्य वाढविण्याचे उपायही थोडक्यात सांगतो. शिशाची बॅटरी निम्म्याहून अधिक रिती होऊ देऊ नये. कामावरून येताच चार्जिंगला लावावी. पाण्याची पातळी दर आठवड्यास पाहावी आणि घालावयाचे ते डिस्टिल्ड वॉटरच, नळाचे नव्हे. चारांपैकी एकच बॅटरी नवी घालण्याचा मोह टाळावा, कारण जुन्या तिघी नवीलाही आपल्याबरोबर ओढतात. लिथियमची गाडी उन्हात उभी करू नये आणि रोजच्या वापरात ८० टक्क्यांपर्यंत भरली तरी पुरे.

जुनी बॅटरी घरी अथवा अंगणात कदापि फोडू नये. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूस घातक असते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुनी बॅटरी गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर घातली आहे. नवी घेताना जुनी दुकानदारास द्यावी. शिशाला मोल असल्याने नवीच्या किमतीत सूटही मिळते.

शेवटी आमची एक नम्र सूचना. यापुढे आपल्या पतपेढीने ई-रिक्षाचे कर्ज देताना हप्त्याबरोबरच रोज शंभर रुपयांची पिग्मी ठेव त्याच खातेदाराच्या नावे सुरू करावी. ती बॅटरीखेरीज अन्य कारणास मोडू देऊ नये. कोणी म्हणेल, रोजच्या कमाईतून शंभर काढणे जड जाते. खरे आहे. परंतु जे आज काढणे जड जाते, ते चौदा महिन्यांनी सावकाराकडून आणणे त्याहून जड जाते. आणि ज्याच्या कमाईतून हप्ता वजा जाता हे शंभर निघतच नसतील, त्यास ते कर्ज देणे म्हणजे मदत नव्हे, हे समितीनेही समजून घ्यावे.

त्या मुलाच्या घरच्या पाटल्या अजून सुटावयाच्या आहेत. त्या सोडविण्याच्या कामी कर्जसमितीच्या आम्हा सभासदांनी आपला वाटा उचलला आहे, कारण चूक आमची होती. पुन्हा कोणाच्या घरी ती वेळ येऊ नये, एवढीच आमची इच्छा.