जमीन कुणाची, घर कुणाचे?
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



कायद्यावर बोलायला वकील हवा आणि मी तर सातवी शिकलेली गृहिणी. पण घर घेताना किंवा विकताना आपल्यापैकी कितीजणी कागदावर सह्या करतात आणि त्यातल्या कितीजणी तो कागद वाचतात, हा प्रश्न मला बरेच दिवस टोचतो आहे. बाजारात मेथीची जुडी आपण उलटीपालटी करून पाहतो. मग जन्माची पुंजी जिथे घालायची, तिथे "हे बघतील" म्हणून गप्प का बसावे?

आज मी बोलणार आहे ती भाडेपट्ट्याच्या जमिनीवरील ब्लॉकविषयी. आपण म्हणतो, ब्लॉक आमच्या मालकीचा. परंतु पुष्कळ ठिकाणी इमारतीखालची जमीन ना आपली असते, ना सोसायटीची. ती कुणीतरी ठराविक वर्षांसाठी पट्ट्याने दिलेली असते. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबई वसू लागली, तेव्हा तिथले भूखंड विकत न देता ६० वर्षांच्या पट्ट्याने दिले गेले. म्हाडाच्या वसाहतींतही सोसायट्यांना जमीन पट्ट्यानेच मिळाली. कित्येक सोसायट्या जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळालेल्या सरकारी जमिनीवर उभ्या आहेत. तेव्हा घर पाहायला गेलात की स्वयंपाकघर किती मोठे हे विचारण्याआधी विचारावे, "जमीन कुणाची?" याचे उत्तर मालमत्ता पत्रकात किंवा सातबाऱ्यावर मिळते. पट्टा असेल, तर पट्ट्याच्या कराराची नक्कल सोसायटीकडून मागून घ्यावी.

त्या करारात चार गोष्टी बघाव्यात. पहिली, मुदत. १९८२ साली सुरू झालेला ६० वर्षांचा पट्टा २०४२ साली संपतो. मुदत संपली की जमीन देणाऱ्याकडे परत जाते, हा मूळ नियम. म्हणून नूतनीकरणाचे कलम आहे का आणि कोणत्या अटींवर, हे वाचावे. थोडी वर्षे उरली असली तर बँकही कर्ज द्यायला का-कू करते. दुसरी, भुईभाडे. ते किती, कधी वाढते आणि मागची बाकी आहे का, हे पाहावे. तिसरी, वापराच्या अटी. राहण्यासाठी दिलेल्या जागेत दुकान थाटले, तर अटींचा भंग होतो, आणि करारात तसे कलम असेल तर पट्टाच धोक्यात येतो. चौथी आणि सर्वांत मोठी, हस्तांतरणाची परवानगी. जमीन देणाऱ्याची लेखी परवानगी आणि हस्तांतरण शुल्क भरल्याची पावती करारात मागितली असेल, तर त्यावाचून व्यवहार पक्का समजू नये. शुल्क विकणाऱ्याने भरायचे की घेणाऱ्याने, हे साठेखतातच लिहून घ्यावे. तोंडी बोलणे वाऱ्यावर जाते.

इथे घरातलीच एक हकीकत सांगते. माझ्या नणंदेने पाटल्या मोडून आणि यजमानांच्या फंडाचे पैसे घालून पट्ट्याच्या जमिनीवरचा एक ब्लॉक घ्यायचे ठरवले. दलाल म्हणाला, "वहिनी, परवानगीच्या भानगडीत पडू नका. कुलमुखत्यारपत्रावर घ्या, शुल्क वाचेल. सगळे असेच करतात." नणंदबाईंनी एकच विचारले, "मग मूळ मालकाच्या दप्तरात नाव कुणाचे राहणार?" दलालाला उत्तर देता येईना. चौकशी केली तेव्हा कळले, की ज्यांनी ते मुखत्यारपत्र दिले होते ते गृहस्थच वारले होते. असे साधे मुखत्यारपत्र देणाऱ्याबरोबरच संपते. त्यांच्यामागे पत्नी, मुलगा आणि लग्न होऊन नागपूरला गेलेली मुलगी असे तीन वारस होते. मुलीला या विक्रीची वार्ताही नव्हती. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने अशा मिळकतीत तिघांचा हिस्सा सारखा. मग वारसांची नावे लागली, परवानगी आली, मुलीची सही झाली आणि तिचा वाटा तिच्या हाती पडला. यात सहा महिने गेले, पण नणंदबाईंच्या पाटल्या वाचल्या आणि त्या मुलीचा हक्कही राहिला. नुसत्या मुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही २०११ साली सूरज लॅम्पच्या खटल्यात स्पष्ट सांगितले आहे.

आता कागदांविषयी. सोसायटीचा भागदाखला हाती आला म्हणजे सर्व झाले, असे नाही. पहिल्या मालकापासून आजच्या विकणाऱ्यापर्यंत जितके हात बदलले, तितके नोंदणी झालेले करार साखळीसारखे जुळले पाहिजेत. मधली एक कडी हरवली तरी थांबावे. नोंदणी कचेरीतून सूची क्रमांक दोनची नक्कल काढावी आणि वकिलाकडून मागच्या ३० वर्षांचा शोध घ्यावा. इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र आहे का आणि ब्लॉकवर बँकेचा बोजा आहे का, तेही पाहावे. सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत करार नोंदणीसाठी गेला पाहिजे. किंमत ५० लाख किंवा त्याहून अधिक असेल, तर घेणाऱ्याने एक टक्का आयकर कापून सरकारात भरावा लागतो.

विकणाऱ्या भगिनींसाठीही दोन शब्द. गिऱ्हाईक येण्याआधीच भुईभाडे, सोसायटीचे देणे आणि घरपट्टी चुकती करून पावत्या एका फायलीत लावाव्यात. परवानगीला किती दिवस लागतील, हे कचेरीत विचारून मगच ताबा द्यायची तारीख कबूल करावी. हस्तांतरणाच्या अधिमूल्याला २००१ च्या शासकीय परिपत्रकाने महानगरपालिका हद्दीत २५ हजार रुपयांची मर्यादा घातली आणि वर देणगीची सक्ती करायला मनाई केली. सोसायटीने जास्त मागितले, तर नम्रपणे पण लेखी विचारावे.

शेवटी खास आपल्या जातीचे दोन मुद्दे. सोसायटीत नामनिर्देशन केले असेल, तरी नामनिर्देशित व्यक्ती वारसांची विश्वस्त असते, ती आपोआप मालक होत नाही. म्हणून नामनिर्देशनाबरोबर मृत्युपत्रही करावे. त्यात अपशकुन काही नाही, मागे राहणाऱ्यांची सोय आहे. दुसरे म्हणजे, राहते घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतले, तर २०२१ पासून आपल्या राज्यात मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. घरातल्या पुरुषांना हे आवर्जून सांगा. हिशोबाची गोष्ट कुणालाही पटते!

भगिनींनो, घर आपण झाडतो, सारवतो, सणाला तोरण बांधतो. त्याच घराच्या कागदांची फाईल कपाटात कुठे आहे, हे आपल्याला ठाऊक असलेच पाहिजे. आज घरी गेल्यावर ती काढा आणि पट्टा असेल तर तो कोणत्या साली संपतो तेवढे पाहा. अडले तर आपल्यातल्याच दोघी-चौघींनी मिळून वकिलाकडे जावे. एकटीला भीती वाटते, चौघींना वाटत नाही. मंडळ त्यासाठीच तर आहे.