भगिनीमंडळाचें कार्य : मंदिराच्या आवारांत व आवाराबाहेर
(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या भगिनीमंडळाच्या सभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं तुमच्यापुढें दोन शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस झाली, ती आम्ही आनंदानें शिरीं घेतों. गेले आठ दिवस तुम्ही वेदी सजविली, पताका लावल्या, वेदीवरचीं वस्त्रें धुतलीं, आणि आज पंगतीसाठीं पहांटेपासून तुमच्यांतील कितीएक जणी चुलीपुढें बसल्या आहेत. या सेवेला आम्ही तिळमात्र कमी लेखीत नाहीं. तथापि वर्षाकांठीं दोन-तीन सण गोड करणें एवढ्याचसाठीं भगिनीमंडळ असेल, तर त्याला मंडळ कशास म्हणावें? तेवढें काम पैसे देऊन आचाऱ्याकडूनही करवून घेतां येतें. हें बोलणें किंचित् कठोर वाटेल. पण आनंदाच्या दिवशीं केवळ स्तुतिपाठ म्हणून तुम्हांस घरीं लावून द्यावें, हें आमच्या मनास पटत नाहीं.

प्रेषितांच्या कृत्यांत यापो नगरच्या टबीथेची हकीकत आली आहे. ती बाई आजारी पडून वारली, तेव्हां लोकांनीं संत पेत्राला लोद गांवाहून बोलावून आणलें. तो माडीवर गेला, तों गांवच्या विधवा रडत त्याच्याभोंवतीं जमल्या आणि टबीथेनें शिवून दिलेले अंगरखे व वस्त्रें त्याला दाखवूं लागल्या. तिच्या कार्याचा अहवाल त्या विधवांनीं अंगावर वागविला होता. आपल्या धर्मग्रामांत उद्यां कोणी असा अहवाल मागितला, तर कोणत्या घरची कोणती विधवा काय दाखवील, याचा तुम्हीच विचार करा.

दया तुमच्यांत नाहीं असें आम्ही कधींही म्हणणार नाहीं. खानदेशांतल्या मायबहिणीच्या दारावरून उपाशी माणूस परत गेल्याचें आम्हीं ऐकलेलें नाहीं. उणें आहे तें व्यवस्थेचें. सन १६१७ मध्यें फ्रान्स देशांतील शातियों या गांवीं संत व्हिन्सेंट दि पॉल धर्मगुरू होते. एका रविवारीं मिस्सेच्या आधीं त्यांना कळलें कीं, गांवाबाहेरच्या एका घरांतील सर्व माणसें आजारानें अंथरुणास खिळलीं आहेत. त्यांनीं उपदेशांत ती गोष्ट सांगितली. दुपारीं पाहतात तों सारें गांव भाकरी व कालवण घेऊन त्या वाटेनें चाललेलें! दुसरा कोणी असता तर धन्य धन्य म्हणून स्वस्थ बसला असता. संत व्हिन्सेंट यांच्या मनांत आलें कीं, आज आलेलें अन्न उरून नासेल आणि परवां तीं माणसें पुन्हां उपाशी राहतील. म्हणून त्यांनीं गांवच्या स्त्रियांना एकत्र करून पाळ्या ठरविल्या, पैशाचा हिशेब ठेवण्यास एकीला नेमलें व त्या सर्वांसाठीं नियम लिहून दिले. तो संघ आज ४०० वर्षांनंतरही अनेक देशांत चालू आहे. आम्हांस या गोष्टींत दयेपेक्षां त्या पाळ्यांचेंच कौतुक अधिक वाटतें.

आतां आपल्या मुलखाकडे वळूं. साक्री, शिरपूर, चाळीसगांव या बाजूचीं कितीतरी कुटुंबें दिवाळीच्या सुमारास उसाच्या तोडणीला निघतात. कोणी पश्चिम महाराष्ट्रांतल्या कारखान्यांकडे, कोणी दक्षिण गुजरातेंत. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाकडून उचल आधींच घेतलेली असते, आणि बहुधा पावसाळ्यांतच ती खर्चूनही गेलेली असते. म्हणून जाणें चुकत नाहीं. तीं परत येतात तों उन्हाळा लागलेला असतो. मधल्या पांच-सहा महिन्यांत नाताळ होतो, उपवासकाळ येतो, कित्येकदां ईस्टरही होऊन जातो, आणि आपल्या बांकांवर तितकी जागा रिकामी राहते. मुलें बरोबर गेलीं तर शाळा बुडते. मागें राहिलीं तर डोळ्यांनीं अधू झालेल्या एखाद्या आजीच्या पदरीं पडतात. अशा मुलांसाठीं सरकारनें हंगामी वसतिगृहांची योजना काढली आहे. पण ती आपल्या गांवापर्यंत पोंचली कीं नाहीं, हें शाळेंत जाऊन विचारणारें माणूस लागतें. तें माणूस तुम्ही व्हा.

याकरितां फार मोठी विद्या नको. दिवाळीपूर्वीं वाडीवाडींतून एक यादी करावी: कोण जाणार, कोणाचीं मुलें मागें राहणार, कोणती सून दोन जिवांची आहे. जी गर्भवती आहे तिची नोंद अंगणवाडींत व आरोग्यकेंद्रांत झाली आहे ना, आणि तिचें कार्ड तिनें बरोबर घेतलें आहे ना, हें गाडी सुटण्यापूर्वीं पाहावें. मागें राहिलेल्या मुलांच्या घरीं आठवड्यांतून एकदां कोणी जावें, त्याची पाळी लावावी. आपल्यांतील कांहीं भगिनी म्हणतात, फादर, आम्हांला लिहितां-वाचतां येत नाहीं, आम्ही मंडळांत काय करणार? जळगांवच्या शेजारच्या असोद्यास १८८० सालीं जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना अक्षर येत नव्हतें. जात्यावर व शेतांत त्यांनीं रचलेलीं गाणीं घरच्या मुलांनीं उतरून घेतलीं. त्या १९५१ सालीं निवर्तल्या, आणि पुढल्या वर्षीं तीं गाणीं छापून निघालीं. आज जळगांवचें विद्यापीठ त्यांच्या नांवानें चालतें. तुम्ही घर पाहून या व तोंडानें सांगा. उतरून घेण्यास शाळेंतल्या मुली आहेत.

दुसरी गोष्ट लग्नाची. ती अंमळ नाजूक आहे, परंतु बोलल्यावांचून गत्यंतर नाहीं. सिकलसेल नांवाचा रक्ताचा रोग आपल्या आदिवासी बांधवांत, विशेषतः धुळें-नंदुरबारकडे व सातपुड्याच्या पायथ्याशीं, फार आढळतो. तो स्पर्शानें होत नाहीं. आईबापांच्या रक्तांतून येतो. ज्याच्यांत दोष अर्धाच उतरला आहे तो वाहक होय. तो सहसा धडधाकट दिसतो, शेतांत राबतो, आणि त्याला स्वतःलाही कांहीं ठाऊक नसतें. अशा दोन वाहकांचें लग्न झालें, तर प्रत्येक बाळंतपणीं मूल आजारी निपजण्याचा संभव चारांत एक इतका असतो. मग तें लेंकरूं सांध्यांच्या वेदनांनीं रात्र रात्र रडतें, अंगांत रक्त राहत नाहीं, आणि गांव बोट दाखवितें तें सुनेकडे! दोष दोघांच्या रक्ताचा, शिव्या मात्र एकीला. यासारखा अन्याय आम्हांस दुसरा दिसत नाहीं. रक्ताची परीक्षा सरकारी दवाखान्यांत होते. केंद्र सरकारनें १ जुलै २०२३ पासून या रोगाच्या निर्मूलनाची मोहीमच हातीं घेतली आहे. वाहक असणें हा ख्रिस्तसभेच्या कायद्यानें विवाहास अडथळा नव्हे, आणि लग्न मोडा असें आमचें सांगणेंही नाहीं. वाहकानें वाहक नसलेल्या जोडीदाराशीं लग्न केलें, तर मुलांना हा रोग होत नाहीं. एवढेंच कीं, सुपारी फुटण्यापूर्वींच दोघांनीं आपलें रक्त तपासून घ्यावें व जाणून-समजून निर्णय करावा. आमच्याकडे लग्नाची पुकार करावयास लोक येतात तों मांडवाचा सुद्धां विसार दिलेला असतो. तेव्हां आमच्या सांगण्याचा उपयोग थोडा. सोयरीक जुळते ती माजघरांत, आणि माजघरांत शब्द चालतो तो तुमचा.

दारूविषयीं थोडक्यांत बोलतों, कारण तिचे परिणाम आम्हीं तुम्हांस काय सांगावेत! २००८ च्या सरकारी आदेशाप्रमाणें गांवांतील स्त्री-मतदारांना रीतसर मागणी करून गुप्त मतदान घडवून आणतां येतें, आणि निम्म्याहून अधिक स्त्रियांनीं आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर परवान्याचें दुकान बंद होतें. हातभट्टीला अर्थातच हा उपाय लागू नाहीं; तिथें पोलिसांकडेच जावें लागतें. पण असें मतदान केवळ ख्रिस्ती बायकांच्या बळावर होणें नाहीं. शेजारची मराठीण, तडवीण, भिल्लीण यांच्या ओट्यावर तुम्हांस बसावें लागेल, आणि त्यांत तुमचें हितच आहे.

आतां येथें बसलेल्या पुरुषमंडळींशीं आम्हांस चार शब्द बोलावयाचे आहेत. २०११ पासून महाराष्ट्रांतील ग्रामपंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांना आहेत. आपल्याच धर्मग्रामांतली एखादी बाई गांवांत सरपंच म्हणून ठरावावर सही करते, आणि रविवारीं आमच्या सभेंत चहाचे पेले फिरविते. ठराव मात्र तुम्ही करतां. भारताच्या कॅथोलिक महागुरुस्वामींनीं २०१० सालीं स्त्री-पुरुष समतेचें धोरण प्रसिद्ध केलें, तें कपाटांत ठेवण्यासाठीं नव्हे. धर्मग्रामाच्या अर्थसमितींत स्त्रियांनीं बसूं नये असें कोणत्याही कायद्यांत लिहिलेलें नाहीं. ज्या बायका बचतगटाचा पैन्-पैचा हिशेब बँकेला देतात, त्यांना दानपेटीचा हिशेब कळणार नाहीं, असें ज्याला वाटतें त्यानें एकदां त्यांची वही मागून पाहावी.

कोणी म्हणेल, बायका अशा बाहेर पडल्या तर घर कोण पाहील? आम्ही म्हणतों, घर दोघांचें आहे. पाळीच्या दिवशीं भाकरी नवऱ्यानें थापली तर ती वांकडी होईल. ती खाऊन आजवर कोणी मेलेलें नाहीं. आणि घरांतल्या प्रार्थनेविषयीं एक सुचवितों. आजीनें नातवंडांना जपमाळ शिकवावी ती घरच्या बोलींत, अहिराणींत, भिलींत, पावरींत. पुस्तकी मराठी शाळा शिकवीलच. आईच्या तोंडची भाषा देवाला कळत नाहीं, असा समज मुलांच्या मनांत रुजूं देऊं नये.

यंदांची पहिली बैठक दिवाळीच्या तीन आठवडे आधींच्या रविवारीं, मिस्सा झाल्यावर, शाळेच्या खोलींत भरेल. प्रत्येक वाडीच्या दोघी जणींनीं यावें. एक म्हातारी व एक तरुण अशी जोडी असल्यास फार बरें. यादीसाठीं कोरी वही आम्हीं आणून ठेविली आहे. ती वही व मंडळाची पेटी आजपासून तुमच्या खजिनदार बाईंच्या ताब्यांत राहील, आणि पेटीची किल्लीही त्यांच्याचपाशीं. आम्हांस हिशेब पाहावयाचा असेल तेव्हां आम्ही त्यांच्याकडे मागून घेऊं.