हौशी रेडिओ : एक ऐकण्याचा छंद
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या सभेत दरवर्षी आपल्यापैकी कुणीतरी आपल्या छंदाविषयी चार शब्द बोलावेत, असा मंडळाचा प्रघात आहे. आजवर भरतकाम झाले, गच्चीवरची बाग झाली, रांगोळी झाली. यंदा चिटणीसबाईंनी माझे नाव घातले आणि विषय विचारला. मी म्हटले, "हौशी रेडिओ." त्या म्हणाल्या, "म्हणजे जुनी गाणी ऐकायची ना?" यात त्यांची काही चूक नाही. १९५३ साली पुण्यात आकाशवाणीचे केंद्र निघाल्यापासून रेडिओ म्हणजे ऐकण्याची वस्तू, हेच आपल्या मनात पक्के बसले आहे. एकाने बोलावे आणि हजारोंनी ऐकावे. हौशी रेडिओत, ज्याला हॅम रेडिओही म्हणतात, आपण ऐकतो तसे बोलतोही. सरकारची परीक्षा द्यायची, परवाना घ्यायचा आणि आपल्या घरातल्या लहानशा बिनतारी यंत्रावरून दुसऱ्या गावच्या, दुसऱ्या देशाच्या हौशी माणसाशी संभाषण करायचे. यात पैसा मिळवायचा नाही, जाहिरात करायची नाही, गाणी लावायची नाहीत. केवळ हौस.

हा छंद मला कसा लागला, ते आधी सांगते. १२ जुलै १९६१ हा दिवस पुण्याच्या जुन्या माणसांना सांगावा लागत नाही. त्या सकाळी पानशेतचे धरण फुटले आणि पाठोपाठ खडकवासल्याचा बांधही गेला. आम्ही तेव्हा शनिवार पेठेत नदीच्या अंगाला राहात होतो. मी नऊ वर्षांची होते. आईने आम्हा तिघा भावंडांना हाताशी धरले, धाकट्याला कडेवर घेतले आणि पर्वती गाठली. आम्ही वाचलो. पण वडील नोकरीनिमित्त नागपुरास होते. दिवे गेलेले, टेलिफोन मुके, टपालाचा भरवसा नाही. त्यांनी वर्तमानपत्रात बुडालेल्या पेठांची बातमी वाचली आणि मिळेल त्या गाडीने निघाले. सहाव्या दिवशी ते आम्हांला शोधत आले. आम्हांला पाहून एक शब्द बोलले नाहीत. आम्हा तिघांच्या डोक्यांवरून एकेकदा हात फिरवला आणि मटकन खाली बसले. आई पुढे जन्मभर म्हणे, "घर गेले त्याचे मला फारसे वाटले नाही. पण 'आम्ही सुखरूप आहोत' एवढे तीन शब्द यांना कुणी कळवले असते, तर यांचे ते सहा दिवस वाचले असते."

पुढे शाळेत नोकरी केली, संसार केला, निवृत्त झाले. मग एका भाच्याच्या घरी हे यंत्र पाहिले आणि आईचे ते तीन शब्द आठवले. मी त्याला विचारले, "मला येईल का रे हे?" तो म्हणाला, "मावशी, बारा वर्षांच्या मुलाला परीक्षेला बसता येते, तर तुला का येणार नाही?" तो २०१३ चा जुलै महिना होता. त्याच महिन्यात आपल्या सरकारने तारसेवा बंद केली, आणि तारेची कडकट्ट भाषा, म्हणजे मोर्स लिपी, मी त्याच महिन्यात शिकायला घेतली! आमच्याकडे यांनी हसून विचारले, "दुकान बंद झाल्यावर गिऱ्हाईक निघाले का?" मी पोळपाटावर लाटणे वाजवून अक्षरे पाठ केली. मी परीक्षा दिली तेव्हा तिच्या दोन श्रेणी होत्या. पहिलीला मोर्स लागत नसे. वरच्या श्रेणीला मिनिटाला आठ शब्दांच्या वेगाने मोर्स घेता आणि पाठवता यावे लागे. मी आधी पहिली दिली आणि मग धीर करून दुसरी.

परवान्यासाठी पोलिसांची चौकशी असते. हवालदार घरी आले आणि मुलाला म्हणाले, "अर्ज तुमचाच ना?" मुलाने स्वयंपाकघराकडे बोट दाखवले. हातातले पीठ झटकत मी बाहेर आले, तेव्हा त्यांनी कागदावरचे नाव पुन्हा एकदा वाचले!

आता हे चालते कसे, ते थोडक्यात सांगते. गच्चीत एक तार बांधावी लागते. मी ज्या लहरींवर पुष्कळदा बोलते, त्यांना सुमारे दहा मीटर, म्हणजे नऊवारी लुगड्यापेक्षा जरा लांब तार पुरते. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या वहिनींनी तिच्यावर साडी वाळत घातली होती. तारेतून निघालेल्या लघुलहरी वर जातात. पृथ्वीपासून काही शे किलोमीटर उंचीवर सूर्याच्या किरणांनी विद्युत्भारित झालेला हवेचा विरळ थर आहे. त्याच्यावर आपटून त्या दूर कुठेतरी जमिनीवर उतरतात. मुले भिंतीवर चेंडू मारून दुसऱ्याकडे पोचवतात ना, तसेच. म्हणून दिवसा कोणत्या लहरी लांब जातात, रात्री कोणत्या, हे सूर्य ठरवतो. हातात धरण्याच्या लहान यंत्राच्या लहरी मात्र साधारण नजरेच्या रेषेत जातात. त्यांना उंची हवी. सिंहगडावर दूरदर्शनचा मनोरा का उभारला, हे मला साठीनंतर कळले. साठ वर्षे आकाशाखाली राहिले आणि त्या आकाशाचा हा उपयोग ठाऊक नव्हता. या छंदाचा पहिला लाभ हा, की बंद पडलेले डोके पुन्हा चालू लागते. पूर्वी फ्यूज उडाला तरी मी यांची वाट पाहात बसे. आता तपकीर गल्लीत जाऊन मी स्वतः वायर पारखून आणते.

दुसरा लाभ सोबतीचा. वय झाले की बाईचे जग आक्रसते. गुडघे दुखतात, मुले परगावी असतात. या यंत्रापुढे बसले की कधी केरळातले शिक्षक भेटतात, कधी जपानातले निवृत्त गृहस्थ. बोलणे झाले की आठवणीचे कार्ड पाठवायची रीत आहे. माझ्याकडे त्या कार्डांचा डबा भरला आहे. आणखी एक गंमत सांगते. मोर्सच्या जमान्यापासून या मंडळींत स्त्रीचा उल्लेख 'वायएल' असा करतात. त्याचा अर्थ तरुणी! मग ती सोळा वर्षांची असो की माझ्यासारखी सत्तरीपुढची. भगिनींनो, तेवढ्यासाठी तरी परीक्षेला बसायला हरकत नाही.

तिसरा लाभ मला सर्वांत मोठा वाटतो. या छंदात बोलण्याआधी ऐकावे लागते. लहर मोकळी आहे का, कुणी अडचणीत हाक मारते आहे का, हे आधी ऐकायचे. एकाचे संपल्यावाचून दुसऱ्याने बोलायचे नाही. घराघरांत हा नियम लागू झाला तर काय बहार होईल, याचा आपणच विचार करावा!

कुणी विचारतील, "हातात मोबाइल असताना हा खटाटोप कशाला?" त्याचे उत्तर असे. मोबाइलला मनोरा लागतो, मनोऱ्याला वीज लागते आणि मधली सारी यंत्रणा शाबूत असावी लागते. हौशी रेडिओला एक तार, एक मोटारीची बॅटरी आणि जाणते माणूस, एवढेच पुरते. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा हौशी रेडिओवाले आपापली यंत्रे घेऊन तेथे धावले. २००४ च्या डिसेंबरात भारती प्रसाद या बाई अंदमानात पोर्ट ब्लेअरला याच हौसेपायी मुक्कामाला होत्या. तेथून हौशी प्रक्षेपणाला बऱ्याच वर्षांनी परवानगी मिळाली होती आणि जगभरचे हौशी त्यांच्याशी बोलायला टपून बसले होते. २६ तारखेच्या सकाळी भूकंप आणि त्सुनामी आली. टेलिफोन आणि वीज गेली. तेव्हा बाईंनी हौस बाजूला ठेवली आणि तेच यंत्र निरोपांना दिले. कोण वाचले, कोण सापडत नाही, ही विचारपूस त्यांच्यामार्फत मुख्य भूमीपर्यंत पोचू लागली. माझ्या आईला हवे असलेले तीन शब्द त्या बाईंनी किती घरांना पोचवले असतील!

आणि उषाबेन मेहता तर आपणां सर्वांस ठाऊक आहेत. युद्ध सुरू झाल्यावर इंग्रज सरकारने हौशी परवाने रद्द केले होते. तरी १९४२ मध्ये नरिमन प्रिंटर या हौशी रेडिओवाल्याने जुळवलेल्या यंत्रावरून मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालला. त्यावरून बोलणाऱ्या उषाबेन तेव्हा अवघ्या बावीस वर्षांच्या होत्या. जागा बदलत बदलत सुमारे तीन महिने तो आवाज उठत राहिला. १२ नोव्हेंबरला त्या पकडल्या गेल्या आणि पुढे आपल्या येरवड्याच्या तुरुंगात राहून १९४६ साली सुटल्या. तो स्वातंत्र्याचा लढा होता. आज आपण परवान्याने, नियमाने बोलायचे. पण बाईचा आवाज दूरवर पोचला तर काय होते, हे त्यावरून समजावे.

नव्या पिढीलाही यात पुष्कळ वाव आहे. आपल्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी 'स्वयम्' हा जेमतेम एक किलोचा उपग्रह बनवला. २२ जून २०१६ रोजी तो इस्रोच्या अग्निबाणातून अवकाशात गेला. हौशी रेडिओच्या लहरींवर निरोप देणे-घेणे हेच त्याचे काम होते. तेव्हा घरातल्या नातवंडांना बरोबर घेऊनच शिकायला बसा.

सुरुवात करायची तर आधी नुसते ऐका. मग विजेची प्राथमिक माहिती आणि नियम यांचा अभ्यास करा. सुरुवातीचे हातातले यंत्र साध्या मोबाइलपेक्षा महाग पडत नाही, पण परवान्याआधी त्यावरून बोलायचे नाही, हे पक्के लक्षात ठेवा.

भगिनींनो, खरे सांगायचे तर भारतीबाईंसारखा प्रसंग माझ्यावर आलेला नाही, आणि कुणावर येऊही नये. पण ठरल्या सकाळी आम्ही हौशी मंडळी लहरींवर जमतो आणि एकेक जण हजेरी लावतो. मी माझी खूण सांगते आणि खरखरीतून कुणीतरी म्हणते, "ऐकू येते आहे." एवढेच. चहा निवत असतो, पण मी उठत नाही. वडिलांचे ते सहा दिवस मला परत देता येणार नाहीत. पण उद्या कुणाच्या घरी तशी वेळ आलीच, तर आपल्या या आळीत निदान एक म्हातारी आणि एक तार तयार आहे. ती एकटी राहू नये, एवढ्यासाठीच आज बोलले. ज्यांना हौस वाटेल त्यांनी कोणत्याही रविवारी सकाळी माझ्याकडे यावे. चहा गरम मिळेल, याची मात्र हमी नाही.

आपण शांतपणे ऐकून घेतलेत, हाही माझ्या छंदाचाच नियम झाला.