रक्त गोठण्याची परीक्षा : वीस मिनिटें कां थांबावें ?



महोत्सवाच्या या सभेंत आरोग्याविषयीं कांहीं बोलावें अशी मला आज्ञा झाली, तेव्हां मित्रांनीं मोठमोठे विषय सुचविले. मीं मात्र एक अगदीं लहान विषय निवडला आहे. कांचेची एक नळी, तींत दोन मिलिलिटर रक्त, आणि समोर घड्याळ. एवढेंच आजच्या व्याख्यानाचें साहित्य. परंतु अमरावती-अकोल्याच्या शेतशिवारांत वावरणाऱ्या आपणां सर्वांच्या दाराशीं हा विषय केव्हां येऊन उभा राहील याचा नेम नाहीं, आणि तो आला म्हणजे शिकावयास सवड उरत नाहीं.

कांहीं वर्षांपूर्वीं मी एका लहान दवाखान्याच्या प्रयोगशाळेंत काम करीत होतों. कापूसवेंचणीचे दिवस होते. एके संध्याकाळीं एका बाईला मोटारसायकलीवर दोघांच्या मध्यें बसवून आणलें. धुऱ्याजवळ पायाला साप डसला होता. पाऊल सुजून तकतकीत झालें होतें. डॉक्टरांनीं शिरेंतून रक्त काढून नळींत घातलें. मीं ती नळी घोडीवर उभी केली व वेळ लिहून ठेविली. तिचा दीर खवळला. "अवो, बाई मरून राह्यली, अन् तुमी नयीकडे पाह्यत बसले काय ?" असें तो ओरडला. त्याचा राग मला समजत होता. उत्तर देण्यास मात्र त्या वेळीं सवड नव्हती. तें आज देतों.

आपल्या रक्तांत फायब्रिनोजेन नांवाचें एक प्रथिन विरघळलेलें असतें. जखम झाली कीं रक्तांतील निरनिराळे घटक एकामागून एक जागृत होत जातात, शेवटीं थ्रॉम्बिन तयार होतें, आणि तें या प्रथिनाचे तंतु विणतें. त्या जाळ्यांत रक्तपेशी अडकून गांठ बनते. दुधाचें दहीं व्हावें तसा हा प्रकार दिसतो, आणि दह्याप्रमाणेंच येथेंही भांडें स्वस्थ राहूं द्यावें लागतें. विरजण लावून दर घटकेला ढवळून पाहणाऱ्या घरीं दहीं कसें लागतें हें आपणांस ठाऊक आहे.

आतां विष काय करतें ? घोणस, जिला आपल्याकडे कोणी परडही म्हणतात, तिच्या विषांत रक्तांतील पांचव्या व दहाव्या घटकांना कारण नसतां जागें करणारीं द्रव्यें असतात. फुरशाचें विष तर थेट प्रोथ्रॉम्बिनवरच घाला घालतें. परिणाम असा कीं, जखम एका पायाला असतां सर्व शरीरभर गोठण्याची क्रिया सुरू होते व फायब्रिनोजेनाचा सांठा थोड्याच वेळांत संपून जातो. रात्रभर मोट हांकून विहिरीचें पाणी ओढ्यांत सोडून द्यावें, आणि सकाळीं गंजीला आग लागली असतां विहीर कोरडी सांपडावी, तशी ही गोष्ट आहे. मग हिरड्यांतून, लघवींतून, क्वचित् मेंदूंतही रक्त वाहूं लागतें, आणि तें थांबविणारें कांहीं शिल्लक नसतें. गंमत पाहा, हेंच घोणशीचें विष पाण्यांत अतिशय विरळ करून मॅकफार्लेन व बार्नेट या दोघां इंग्रज संशोधकांनीं १९३४ सालीं हिमोफिलियाच्या रोग्यांच्या जखमांवर लाविलें आणि रक्तस्राव थांबविला. थेंबभर विष जखमेवर, आणि तेंच विष अंगांत, फरक एवढाच.

तेव्हां डॉक्टरांना एकच गोष्ट ताबडतोब जाणावयाची असते : विहिरींत पाणी आहे कीं नाहीं ? त्यासाठीं मोठें यंत्र लागत नाहीं. कोरड्या, स्वच्छ, नव्या कांचेच्या नळींत दोन मिलिलिटर रक्त घालून तें वीस मिनिटें हात न लावतां ठेवावयाचें व मग नळी एकदांच कलती करून पाहावयाची. रक्त घट्ट बसलें असेल तर सांठा अजून पुरेसा आहे; पाण्यासारखें वाहिलें तर तो संपला. रक्त गोठण्याचा काळ नळींत मोजण्याची रीत ली व व्हाइट यांनीं १९१३ सालीं प्रसिद्ध केली होती. निरोगी माणसाचें रक्त वीस मिनिटांच्या पुष्कळच आधीं गोठतें, म्हणून वीस मिनिटांनंतरही पातळ राहिलेल्या रक्ताबद्दल संशय उरत नाहीं. सर्पदंशासाठीं या साध्या परीक्षेचा उपयोग डॉ. वॉरेल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं नायजेरियांत केला व १९७७ सालीं तो प्रसिद्ध केला. तेथेंही शत्रु फुरशाच्याच जातीचा होता.

नळी कांचेचीच कां, प्लॅस्टिकची कां नको, असें मला नेहमीं विचारतात. कांचेच्या पृष्ठभागाच्या स्पर्शानेंच रक्तांतील बारावा घटक जागा होतो व गोठण्याची सुरुवात होते. प्लॅस्टिकमध्यें तसें नीट होत नाहीं. या घटकाला हागेमान असें नांव आहे. जॉन हागेमान हा अमेरिकेंतील रेल्वेवरचा कामगार. शस्त्रक्रियेपूर्वींच्या तपासणींत त्याचें रक्त कांचेंत गोठेना, पण त्याला रक्तस्रावाचा त्रास मात्र कधींच नव्हता. ही हकीगत १९५५ सालीं प्रसिद्ध झाली. पुढें १९६८ सालीं तो वारला, तोही फुप्फुसांत रक्ताची गांठ अडकून ! म्हणजे नळी जें सांगते तें अंशतः रक्ताविषयीं असतें व अंशतः कांचेविषयीं. दांत किंवा गांठी काढण्यापूर्वीं बोटाला टोंचून जी 'बी. टी. सी. टी.' करितात, तिच्यावर आतां डॉक्टर फारशी भिस्त ठेवीत नाहींत, याचें कारणही तेंच. सौम्य दोष तींत निसटून जातात.

येथें मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. काटकसर म्हणून आम्ही जुन्या नळ्या साबणाच्या भुकटीनें धुऊन पुन्हां वापरीत असूं. एका मुलाला साप चावला होता. कोणता तें कोणी पाहिलें नव्हतें. त्याचें रक्त मीं अशा धुतलेल्या नळींत ठेविलें. तें गोठलें नाहीं. लस टोंचण्यांत आली, अंगावर पित्त उठलें, श्वास कोंडला, आणि तो वांचला तो डॉक्टरांच्या तत्परतेमुळें. नव्या नळींत पाहिलें तों, लशीपूर्वीं काढून ठेविलेलें त्याचें दुसरें रक्त सात-आठ मिनिटांत घट्ट झालें होतें. साबणाच्या अंशानें कांच निकामी झाली होती. लस घोड्याच्या रक्तांतून तयार होते, म्हणून ती विनाकारण देणें हें दयेचें काम नव्हे. पण गरज असेल तेव्हां हात आंखडूं नये. पहिली मात्रा साधारण दहा कुप्यांची असते, व मुलालाही तितकीच, कारण सापानें त्याला विष कमी दिलेलें नसतें.

आणखी दोन गोष्टी ध्यानांत असाव्या. नाग व मण्यार यांचें विष मज्जातंतूंवर चालतें. त्यांच्या दंशांत रक्त नळींत उत्तम गोठतें आणि माणूस तिकडे श्वासावांचून जातो. पापण्या जड झाल्या, किंवा रक्त वाहूं लागलें, तर डॉक्टर नळीची वाट पाहत नाहींत. दुसरें, पहिल्या वेळीं रक्त गोठलें म्हणून घरीं परतूं नये. विष अजून पसरत असतें; परीक्षा पहिल्या कांहीं तासांत वरचेवर करावी लागते. २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशांत सर्पदंशानें सुमारें बारा लाख माणसें गेलीं असा अंदाज आहे. त्यांतील पुष्कळांचा वेळ मांत्रिकाच्या ओट्यावर गेला, हें मी वऱ्हाडांत पाहिलें आहे. अमरावतीचें इर्विन किंवा अकोल्याचें सर्वोपचार गांठण्यास जेवढा वेळ लागतो, त्यापेक्षां अधिक वेळ पुष्कळदां पांदणींतच वाद घालण्यांत जातो.

त्या बाईचें रक्त वीस मिनिटांनंतर नळींतून पाण्यासारखें ओघळलें. लस सुरू झाली. सहा तासांनीं दुसरी नळी पाहिली, कारण संपलेला सांठा यकृताला पुन्हां भरून काढावयास तेवढा वेळ लागतोच. रक्त अजून पातळ होतें. लस पुन्हां दिली. पहांटे तिसरी नळी मीं तिच्या दिराच्याच हातांत दिली व कलती करावयास सांगितलें. रक्त जागचें हललें नाहीं. त्यानें ती दोनदां उलटी करून पाहिली. पुढें आणखी कांहीं दिवस तिची लघवी मोजीत होतों, कारण घोणशीचें विष मूत्रपिंडांनाही इजा करितें. पण त्याविषयीं बोलावयाचें तर आणखी एक व्याख्यान लागेल.