भोगीची भाजी, गरम भाकरी



संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, आपल्याकडे तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि मिसळीची भाजी होते. ओला हरभरा, पावटा, घेवडा, वांगी, गाजर. त्या दिवसांत शेतात जे येते तेच. वर तिळाचे कूट. बायांनी पिढ्यान्‌पिढ्या जमवलेले हे शहाणपण आहे, यात वाद नाही.

पण याला ‘साधा स्वयंपाक’ म्हणतात, तिथे मी अडते. हरभऱ्याचे घाटे सोलायला किती वेळ लागतो, हे सोलणारीलाच ठाऊक. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे वेळ जातो, पुरुषांचा ८८, असे दिसले. सणाचा हिशेब तुम्हीच करा.

शिवाय भाकरी तव्यावरून थेट ताटात पडली तरच तिची चव. म्हणजे थापणारीच्या वाट्याला गरम भाकरी नाहीच. माझी आई जेवायला बसायची तेव्हा कढईत नुसता रस्सा उरलेला असायचा. बाजरीत लोह आहे, तिळात कॅल्शियम आहे, सगळे खरे. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला.

तेव्हा यंदा घाटे सोलायला घरातल्या सगळ्यांना बसवा. भाकऱ्या पाळीपाळीने थापा. “यांना थापता येत नाही,” असे कुणीतरी म्हणणारच. आपल्यालाही कुठे जन्मतः येत होते? पहिल्या चार मोडतील. मोडक्या भाकरीलाही तीळ लागतात.