जर्नल पुढच्या वर्गाला द्यायची असते

(विज्ञान शाखेतील विद्यार्थिनी-गटांच्या प्रतिनिधींसमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



सकाळपासून तुमच्या गटांची निवेदने ऐकली. कुणाच्या गटात चाळीसजणी आहेत, कुणाच्या सहा. प्रश्न मात्र सारखेच: वसतिगृहाची वेळ, गाईडची मर्जी, प्रयोगशाळेच्या मजल्यावर नसलेले स्वच्छतागृह. आणखी एक गोष्ट जवळजवळ प्रत्येकीने सांगितली. गट याआधीही एकदा निघाला होता, चालवणारी एम.एस्सी. होऊन गेली आणि गट बंद पडला.

हा योगायोग नाही. कारखान्यातला कामगार वीस वर्षे एका जागी असतो, म्हणून त्याच्या संघटनेला स्मरणशक्ती असते. विद्यार्थिनी दोन-तीन वर्षांची पाहुणी. व्यवस्थेला हे पक्के ठाऊक असते. 'बघू', 'पुढच्या सत्रात विचार करू' म्हणत एक वर्ष काढले की प्रश्न विचारणारी आपोआप निघून जाते. प्रॅक्टिकलची जर्नल आपण आठवणीने ज्युनिअर मुलीच्या हाती देतो. गटाची जर्नल मात्र कुणी ठेवतही नाही आणि देतही नाही. म्हणून आज मला गट काढण्याविषयी बोलायचे नाही. गट एकमेकींशी जोडण्याविषयी बोलायचे आहे.

कमला सोहोनींची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. त्या तेव्हाच्या कमला भागवत, दुर्गाबाईंच्या बहीण. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्यांनी बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये अर्ज केला. संचालक होते सी. व्ही. रामन. बाई म्हणून अर्ज नाकारला गेला. त्या हटल्या नाहीत, तेव्हा एका वर्षाच्या परीक्षेच्या अटीवर प्रवेश मिळाला. पुढे १९३९ साली त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. ही गोष्ट आपण जिद्दीची म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण नकार ऐकून मुकाट्याने घरी गेलेल्या मुली किती असतील? त्यांची नोंद कुठेच नाही. एकटीच्या जिद्दीवर एक चरित्र उभे राहते, सगळ्यांसाठी वाट तयार होत नाही.

आज दार उघडे आहे. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये देशात विज्ञान शाखेत ५७.२ लाख विद्यार्थी होते. त्यांत मुली २९.८ लाख, म्हणजे निम्म्याहून अधिक. 'मुलींना विज्ञान झेपत नाही' हे म्हणणे आता कुणाला शोभणार नाही. पण संशोधन आणि विकासाच्या कामात प्रत्यक्ष असलेल्या स्त्रिया पाहा. २०१८ च्या सरकारी आकडेवारीनुसार त्या जेमतेम १७ टक्के होत्या. वर्गातून प्रयोगशाळेपर्यंतच्या वाटेवर या मुली जातात कुठे? त्या वाटेवर लग्नाचा तगादा आहे, मूल झाल्यावरचा खंड आहे, आणि जिथे सगळे भवितव्य एका माणसाच्या सहीवर अवलंबून असते अशी गाईडची सत्ताही आहे. नेमक्या याच वळणावर मुलगी एकटी पडते.

आपल्या आधीच्या बायकांनी हे ओळखले होते. १९७३ साली मुंबईत इंडियन विमेन सायंटिस्ट्स असोसिएशन स्थापन झाली. विज्ञानप्रसार तर त्यांनी केलाच, पण वाशीच्या आपल्या केंद्रात नोकरी करणाऱ्या स्त्रियांसाठी वसतिगृह आणि पाळणाघरही चालवले. संशोधन म्हणजे केवळ बुद्धीचे काम नाही. त्याला रात्री परतायला सुरक्षित जागा लागते, मूल सांभाळणारे कुणी लागते, हे त्यांना अनुभवातून कळले होते.

वसतिगृहाच्या वेळेचेच घ्या. प्रयोग संध्याकाळी सातला संपत नाही. २०१५ साली दिल्लीत जामिया मिलियाच्या वसतिगृहातील मुलींना रात्री उशिरापर्यंत बाहेर राहण्याची सवलत बंद झाली. निषेध तिथल्या मुलींपुरता राहिला नाही. इतर महाविद्यालयांतील मुलींनी आपापल्या रेक्टरचे नियम समोर ठेवले आणि 'पिंजरा तोड' उभी राहिली. एका मुलीने तक्रार केली की ती 'वाया गेलेली' ठरते. दहा वसतिगृहांतून तीच तक्रार आली की तो नियमाचा प्रश्न होतो. जोडून घेण्याचा अर्थ एवढाच आहे.

कायद्याचेही तसेच. लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ चा, विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम २०१५ चे. प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तर अंतर्गत समितीत पदवी, पदव्युत्तर आणि संशोधन या तीन स्तरांवरचे प्रतिनिधी असावेत आणि ते पारदर्शक, लोकशाही पद्धतीने निवडलेले असावेत, असे हे नियम सांगतात. तुमच्या महाविद्यालयात ही निवडणूक झाली का, हे पहिले विचारा. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते, सबळ कारण असल्यास मुदत वाढते. घाबरलेल्या मुलीचे हे तीन महिने 'सांगू की नको' यातच सरतात. तिच्या विभागात सगळे गाईडच्या ओळखीचे असतात. अशा वेळी दुसऱ्या गावातल्या, त्या गाईडशी काही देणेघेणे नसलेल्या मैत्रिणीला फोन करता आला पाहिजे.

आता एक कडू गोष्ट. मे २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी या आदिवासी समाजातून आलेल्या पदव्युत्तर विद्यार्थिनीने जीव दिला. जातीवरून छळ केल्याचा आरोप ज्यांच्यावर आहे त्या तिघी तिच्या वरिष्ठ डॉक्टर, स्त्रियाच. तेव्हा 'आपण सगळ्या बहिणी' म्हणून भागत नाही. तुमच्या गटात आरक्षणातून आलेल्या मुली किती, मराठी माध्यमातल्या किती, बोलतात कोण आणि चहाचे कप उचलतात कोण, याचा हिशेब आधी घरातच मांडा. जे जाळे इंग्रजी बोलणाऱ्या चार शहरी महाविद्यालयांपुरते आहे, ते जाळे नाही, क्लब आहे.

जोडायचे कसे? अमेरिकेत पदार्थविज्ञान शिकणाऱ्या पदवीच्या विद्यार्थिनींच्या परिषदा २००६ साली सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात सुरू झाल्या. पुढे त्या एकाच वेळी अनेक विद्यापीठांत भरू लागल्या, म्हणजे मुलींना फार लांब जावे लागत नाही. त्यांच्याकडचा पैसा आपल्याकडे नाही, पण ही कल्पना घेण्यासारखी आहे. दरवर्षी सगळ्यांनी पुण्या-मुंबईलाच का यायचे? गडचिरोलीच्या मुलीला घरून परवानगी, तिकिटाचे पैसे आणि सोबत, तिन्ही मिळवावी लागतात. एकाच रविवारी आपापल्या जिल्ह्यात बसा, विषय एक ठेवा, आणि टिपणे एकमेकींना पाठवा.

व्हॉट्सअॅपचा गट म्हणजे संघटना नव्हे. 'छान', 'अभिनंदन' एवढ्यावर तो थांबतो, आणि चालवणारीने नंबर बदलला की संपतो. प्रत्येक गटाची एक वही असू द्या. कोणता अर्ज कोणत्या तारखेला दिला, कुणी घेतला, उत्तर काय आले, सगळे तीत लिहा. छळाच्या तक्रारीतली नावे आणि तपशील मात्र तीत नकोत. ती त्या मुलीची गोष्ट आहे आणि कायद्यानेही गोपनीय आहे. गटाच्या प्रतिनिधी दोघी असाव्यात, एक शेवटच्या वर्षाची आणि एक पहिल्या. बाहेर पडलेल्या मुलींनी वर्गणी दिली तर उत्तमच. पण खरे मागायचे ते हे की नवी मुलगी अडली की तिचा फोन उचला.

आज जेवणाच्या सुट्टीत एवढेच करा. शेजारच्या महाविद्यालयाच्या नव्हे, दूरच्या जिल्ह्यातल्या एका प्रतिनिधीशेजारी बसा. तिच्या समितीवर कोण आहे, तिच्या वसतिगृहाचे दार किती वाजता बंद होते, हे लिहून घ्या आणि तुमचेही तिला लिहून द्या. आपल्या वहीचे पहिले पान तेच असेल.